हायड्रोसचा डबा

डब्यावर छापलेले नाव सोडियम डायथायोनाइट. केज तालुक्यातल्या मामांच्या गुऱ्हाळावर सगळे त्याला हायड्रोस म्हणत. पांढरी, बारीक पूड. उकळत्या रसात टाकली की काळपट रंग उतरतो, आणि व्यापाऱ्याला पिवळाच गूळ हवा असतो. पुडीत गंधक असते. जराशी ओल लागली तरी ती आपोआप तापते, ज्योत न दिसता धुमसते आणि सल्फर डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. एका बातमीसाठी मी हे वाचले होते.

त्या दुपारी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याने ओला वाडगा डब्यात बुडवला आणि झाकण लावून टाकले. थोड्याच वेळात झाकणाच्या कडेने धूर निघाला. आगकाडी ओढल्यासारखा वास नाकात घुसला. डबा आतल्या खोलीच्या दाराशी होता. आत मामी खाली बसून गुळाच्या ढेपा बांधत होती. तिला दमा आहे. खोलीला दुसरे दार नाही.

मामांनी बादली उचलली.

“मामा, पाणी नका टाकू!”

“जाळाला पाणी न्हाई तर काय तूप टाकू?”

पाणी पडताच डबा फसफसला. धूर इतका दाट झाला की दार दिसेना. डोळे उघडे ठेवता येईनात.

गुळव्या पहार घेऊन खोलीच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे पळाला. मी पत्र्याला तोंड लावून ओरडलो, “मामी, ऊठ! खाली बसू नकोस, ढेपांवर चढ!” आतून खोकला येत होता. मग तो थांबला.

“आरं काढ की बे पत्रा!” मामा गुळव्यावर ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता.

पत्रा वाकला. मामी ढेपांच्या थप्पीवर, तोंडात पदर कोंबून उभी होती. ओठ निळसर पडले होते. आम्ही तिला ओढून बाहेर काढले.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामीच्या छातीत कशाचा धूर गेला ते विचारले. मी वायूचे नाव सांगितले. ऑक्सिजन लावून ते म्हणाले, “आता बरं वाटलं तरी फुप्फुसाला सूज नंतर येऊ शकते. सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.”

मामा खाटेपाशी बसले. मामीला डुलकी लागली की ते तिच्या नाकापुढे बोट धरत.