आम्रपाली सिस्टरनं सही केली नाई

आधीच सांगून ठेवते, आम्रपालीताई काही गोड बाई नाई. वॉर्डात नवीन पोरी आल्या की पयल्या आठवड्यात तिच्या नावानं बोटं मोडतात, अन् वर्षभरानं तिच्याच मागं मागं फिरतात. मीबी त्यातलीच. मी नूतन. माझे बाबा पंजाबराव दुर्ग लाइनवर रेल्वेत होते, मूळचे नागपूरकडचे. आम्रपाली रामटेके माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. भिलाईच्या नेहरू नगरात, हायवेच्या कडेले, एक खाजगी दवाखाना आहे. तिथल्या सर्जिकल वॉर्डात आम्ही दोघी स्टाफ नर्स.

तिले हातावर लिहायची सवय. पेशंटचा बीपी, नाडी, टाइम, सगळं डाव्या तळहातावर बॉलपेननं. बाहेरच्यांना गावठी वाटते, पण वॉर्डात कोण नाई लिहित? पेशंटची तब्येत घसरून राहिली असते तेव्हा कागद शोधाले वेळ कोणाजवळ आहे? खिशातली चिठ्ठी हरवते, हात हरवत नाई. आमच्या मेट्रन सिंधुताई दर मीटिंगले सांगतात, हातावर लिहू नका. अन् मीटिंग संपली की स्वतःच तळहातावर कोणाचा तरी फोन नंबर उतरवून घेतात!

आता मुद्द्यावर येते. दवाखान्यानं फर्मान काढलं की पुढं वॉर्डची इनचार्ज सिस्टर डिग्रीवालीच राहीन. दोन वर्षांची मुदत, तवाच्या मार्चच्या एकतीस तारखेच्या आत मार्कशीट दाखवा, नाई तं बाहेरून माणूस आणू. आम्ही दोघी जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा. ताईले त्या वॉर्डात तेव्हा वीस वर्षं झाले होते. इनचार्जचं सगळं काम तीच करायची, फक्त पाटी तिच्या नावाची नव्हती. त्या दिवशी तिनं ड्रेसिंगची ट्रॉली अशी ढकलली की कात्र्या खाली पडल्या. "वीस वर्षं मी ह्या वॉर्डाचा गू-मूत काढला. आता कालची पोरगी येऊन मले सलाइन लावाले शिकवीन? शिकवते मीच त्याईले! नूतन, फॉर्म भर. दोन भर, तुझाबी."

असा आमचा कोर्स सुरू झाला. नोकरी करता करता दोन वर्षांत बीएस्सी पुरी करायची. लेक्चर ऑनलाइन, प्रॅक्टिकल रविवारी सेंटरवर, पेपर घरी कॅमेऱ्यासमोर. विद्यापीठाचं नाव मी घेत नाई, घ्यायची गरजबी नाई. पयल्याच लेक्चरले ताईचा माइक चालू राह्यला अन् साठ जणींनी तिचं गॅसवाल्याशी भांडण ऐकलं. मॅडम म्हणे, कोई अपना माइक बंद करे. ताई म्हणे, आधी ह्याले सिलिंडर बदलू द्या. तिचा नवरा नागसेनभाऊ स्टील प्लांटमध्ये नोकरीले आहे, गरीब माणूस, तो कपाळाले हात लावून बसला होता म्हणे. पण त्याच बाईनं दोन वर्षांत एक लेक्चर चुकवलं नाई. स्मृती नगरच्या त्यांच्या घरी फ्रिजवर, देवघराच्या जागी, कपाटाच्या दारावर, जिकडंतिकडं तिच्या अक्षरातले कागद चिकटलेले असायचे.

शेवटचा पेपर राह्यला. संशोधन अन् संख्याशास्त्र. फेब्रुवारीतली गोष्ट. पेपर दुपारी तीनले अन् आम्हाला दोघींनाबी सकाळची ड्युटी. सुट्टी मागितली तं मिळाली नाई. ठीक आहे, दोनले सुटू, तीनले बसू.

बाराच्या सुमारास नऊ नंबरच्या बेडवर गडबड झाली. पेशंट राजकुमार, रसमड्याच्या एका कारखान्यातला कामगार, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. दिसाले बरा होता. ताई म्हणे, ह्याच्या चेहऱ्याचा रंग मले आवडून नाई राहिला. दर पंधरा मिनिटांनी बीपी घेऊ लागली अन् हातावर लिहू लागली. एकशे दहा, शंभर, नव्वद. नाडी वर वर चालली. ड्युटीच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, सलाइन वाढवा, पाहू. ताईनं फोन ठेवला, सर्जन ओपीडीत बसले होते तिथं गेली, अन् पेशंटच्या रांगेतून घुसून आपला तळहात त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, हे वाचा. पोटात रक्त सांडून राह्यलं त्याच्या." सर्जननं हाताकडं पाह्यलं अन् उठले. एक वाजता राजकुमार ऑपरेशन थिएटरात होता. वाचला तो. आता आपल्या पायानं चालते.

ताईनं सगळं चार्टवर उतरवलं, हात धुतले, स्कूटीवर घर गाठलं अन् तीनले दोन मिनिटं कमी असताना कॅमेऱ्यासमोर बसली. हात धुतले, मी म्हणते, पण दोनदा गिरवलेलं बॉलपेन साबणानं असं जाते काय? पाऊण तास तिनं पेपर लिहिला. मंग चष्मा सरकवायले डावा हात वर केला. पडदा लाल झाला, पेपर बंद. खाली लिहून आलं की तळहातावर आकडे लिहिलेले आढळले. अन् पेपर कोणता? संख्याशास्त्राचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

त्याच दिवशी माझाबी पेपर बंद पडला. माझे बाबा कानानं कमी. ते खोलीचं दार ढकलून आत आले अन् म्हणे, "पोरी, जेवली का वो?" मी हातानं जा जा केलं. त्याईले वाटलं मी बोलवून राहिली, ते आणखी जवळ आले. कॅमेऱ्यात दुसरा माणूस दिसला, झालं.

आठ दिवसांनी दोघींना एकसारखं पत्र आलं. सोबत छापील माफीनामा. "माझ्याकडून परीक्षेत गैरप्रकार झाला, त्याबद्दल मी क्षमा मागते, पुन्हा असे होणार नाही." सही करा, पंधरा दिवसांत पेपर पुन्हा द्या, मार्कशीट मार्चच्या आत. सही नसन करायची तं समितीपुढं या, तिथं कितीबी वेळ लागू शकते.

मी त्याच संध्याकाळी सही केली. विचारबी नाई केला. म्हटलं, एक कागदच तं आहे.

ताईनं कागद वाचला अन् घडी करून पर्समध्ये टाकला. सिंधुताई समजावाले आल्या. "आम्रपाली, सही करून टाक बाई. बावीस वर्षं थांबली तू ह्या खुर्चीसाठी. अडला हरी, गाढवाचे पाय धरी." ताई म्हणे, "हरीनं धरले असन. मी नाई धरत."

"अहो पण कावून? सही कावून नाई करत?" मीच तोंड उघडलं. "सगळे करतात ताई. तुम्ही कॉपी केली नाई हे आम्हाला ठाऊक आहे."

तेव्हा तिनं मले तिच्या बाबाची गोष्ट सांगितली. लहानू त्यांचं नाव, भंडाऱ्याकडून पोट भराले इकडं आले. एका ठेकेदाराजवळ होते. साखळी तुटून पायावर लोखंड पडलं. दवाखान्यात खाटेवर होते तेव्हा ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला अन् अंगठा घेऊन गेला. त्याईले वाटलं औषधपाण्याचा कागद आहे. त्यात लिहिलं होतं की चूक माझी होती. "बाबाले वाचता येत नव्हतं," ताई म्हणे. "मले येते. मी वाचून कशी सही करू, नूतन? केली असती कॉपी तं केली म्हटलं असतं. नाई केली." अन् ती रडली. बावीस वर्षांत तिले रडताना पाह्यलेली वॉर्डात मी एकटीच असन, अन् तेबी तिनं दोन मिनिटांत आटपलं.

समितीबी ऑनलाइनच बसली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. ताई मेट्रनच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, सिंधुताई अन् मी दाराशी. पडद्यावर तिघं. मधले साहेब घाईत होते. म्हणे, मॅडम, फोटो साफ है, हाथ पे नंबर लिखे हैं, अब क्या बोलना है?

ताई म्हणे, "सर, तो फोटो मोठा करा. अन् वाचा."

साहेब म्हणे, काय वाचू?

"जे लिहिलं आहे ते. माझा हात तुम्ही पुरावा म्हणून ठेवला, कोणी वाचला तं नाई. मी सांगते, तुम्ही पाहत जा." अन् तिनं चार्टची प्रत समोर धरली, पेशंटचं नाव झाकून. "वर नऊ. हा बेड नंबर. सव्वाबारा, शंभर-साठ, नाडी एकशे बारा. साडेबारा, नव्वद-साठ, एकशे चोवीस. पावणेएक, चौऱ्याऐंशी-पन्नास, एकशे छत्तीस. खाली डॉक्टरच्या फोनचा टाइम. आता हा चार्ट पाहा. तेच आकडे, तेच टाइम. आता तुमची प्रश्नपत्रिका घ्या अन् मले सांगा, ह्यातलं एकबी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?"

तिघांपैकी एक म्हाताऱ्या मॅडम होत्या, नर्सिंगच्या जुन्या शिक्षिका. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ आल्या, अन् पेपराचं सोडून भलतंच विचारलं, "पेशंट वाचला?"

"वाचला, मॅडम."

त्या मागं टेकून बसल्या. मधल्या साहेबाचा आवाज उतरला. म्हणे, बघा, आमचाबी नाइलाज असते, नियम आहे, हात कोरे पाह्यजे. असं करू, तुम्हाला संशयाचा फायदा देऊ. एक लहानसं खेदाचं पत्र द्या, आजच फाइल बंद, मार्कशीट वीस तारखेले. मी दाराशी हात जोडून उभी होती. म्हटलं, घे वो माय, घे!

"संशय कशाचा उरला, सर?" ताई म्हणे.

साहेब समोरचे कागद चाळू लागले.

"हात कोरे नव्हते ही चूक मी लिहून देते, आत्ताच देते. पण संशयाचा फायदा मले नको. गैरप्रकार नाई झाला, असं लिहून द्या."

साहेब म्हणे, ते आमच्या हातात नाई, फाइल वर पाठवा लागन, मार्चच्या आत काही होणार नाई.

"नाई होईन तं नाई," ताई म्हणे. अन् पडदा बंद करून वॉर्डात गेली. दोनचे इंजेक्शन बाकी होते.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर अशी बिघडली का काय सांगू! अक्कल गहाण ठेवली का म्हटलं, ताटात वाढलेलं लाथेनं उडवलं म्हटलं. ती सिरिंज भरत राह्यली. म्हणे, "झालं तुझं? मंग सहा नंबरचं ड्रेसिंग कर."

एक एप्रिलले वॉर्डची इनचार्ज सिस्टर मी झाली. मी! पाटीवर माझं नाव लागलं. पयल्या दिवशी मी ड्युटीचा तक्ता लावला. ताई आली, वाचला, म्हणे, "शनिवारी तीन पोरी कमी पडतात, पाहून घे." एवढंच. ना टोमणा, ना काही. टोमणा मारला असता तं बरं वाटलं असतं.

जूनमध्ये तिचं पत्र आलं. कोणताही गैरप्रकार झालेला नाही. पेपर पुन्हा घेतला, एकाहत्तर मार्क पडले. नागसेनभाऊनं वॉर्डात सगळ्याईले जिलेबी वाटली, अन् सिंधुताईनं दोन उचलल्या.

मंग ऑगस्टमध्ये दवाखान्यानं नवीन जागा काढली, नवीन नर्सांना शिकवायची. डिग्रीवाल्या कोणीबी भरा. आम्ही दोघी मेट्रनच्या खोलीत एकाच टेबलावर फॉर्म भरत बसलो. अकरावा प्रश्न होता, परीक्षेत गैरप्रकाराबद्दल आपल्यावर कधी कारवाई झाली आहे काय? ताईनं "नाही" लिहिलं अन् पान उलटलं. माझा पेन तिथंच थांबला. मी माझी मार्कशीट काढली. नावाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की गैरप्रकार, माफीनंतर पुनर्परीक्षा. चार-पाच महिने माझ्याजवळ होती ती, कधी नीट पाह्यलीच नाई.

"ताई," म्हटलं, "मी कॉपी नव्हती केली ना वो? बाबा जेवणाचं विचाराले आले होते."

"नाई केली."

"मंग काय लिहू?"

तिनं माझ्याकडं पाह्यलं. "सही तुझी आहे का?"

"हो."

"तं होय लिही."

मी होय लिहिलं. इतका राग आला, तिचा नाई, माझा, अन् त्या छापील कागदाचा! पुढं ती जागा ताईले मिळाली, मिळालीच पाह्यजे होती. मी मात्र त्या दिवशी रात्रीपर्यंतबी नाई थांबली, फॉर्म भरला तिथंच मेट्रनचा कोरा कागद घेतला अन् विद्यापीठाले अर्ज लिहिला. मी गैरप्रकार केला नव्हता, माझे बाबा खोलीत आले होते, मी दिलेली माफी परत घेते.

महिन्यानं उत्तर आलं, दिलेली माफी परत घेण्याची तरतूद नाही.

मी दुसरा अर्ज टाकला.