लोटगाडीवरचे नाना

धुळ्यातलं आमचं किराणा दुकान अरुंद, चढाच्या गल्लीत आहे. मालाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. तिथून पोती आत आणायची ती लोटगाडीनेच. साक्रीकडून आलेलं एक जोडपं वर्षानुवर्षं हे काम करायचं. नाना पुढून ओढायचे, अक्का मागून लोटायच्या.

मग नानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. काही दिवस दोघं दिसलेच नाहीत. नंतर अक्का आल्या त्या एकट्याच गाडी ओढत, आणि पोत्यांवर मागे तोंड करून, डाव्या हाताने दोरी धरून नाना बसलेले.

"अक्का, ओझ्यात भर कशाला? घरी राहू द्या ना त्यांना."

"घरमा कोन शे भाऊ? दिनभर भितडाकडे देखत ऱ्हातस. आठे मानसं तरी दिखतस."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

दिवाळीच्या गर्दीत एका दुपारी साखरेची पोती येत होती. चढावर अक्कांचा पाय सटकला, दांडी हातातून सुटली. गाडी नानांसकट मागे घरंगळू लागली. खाली एक बाई लेकराला कडेवर घेऊन पाठमोरी उभी.

"बाजूऽऽ!"

नाना ओरडले होते. बाई दचकून पायरीवर चढली. टेम्पोवाला धावला, त्याने चाकाखाली वीट सरकवली. गाडी थांबली.

अक्का खरचटलेल्या गुडघ्यांनी तशाच पळत आल्या. "बोलनात तुम्ही! आखो बोला, आखो बोला!"

नानांचे ओठ पुन्हा हलले, पण शब्द फुटेना. अक्का गाडीला टेकून भर गल्लीत रडल्या. आजारपणात त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्या नानांना वाटभर बोलायला लावायच्या. दुकानांच्या पाट्या, भाज्या, गावाकडच्या नातवंडांची नावं. शब्द वाकडेतिकडे यायचे, पण येऊ लागले. चालणं मात्र जमलं नाही. टेम्पोवाला आता चढापुरता हात लावतो, आणि दुपारी नाना आमच्या दुकानात खुर्चीवर बसतात.

परवा चहाचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "साखर कमी शे."

"बोलता येवाले लागनं, तर आते भांडन!" अक्का म्हणाल्या. आपला कप त्यांच्यापुढे सरकवला आणि रिकामी गाडी घेऊन उताराला लागल्या.