नोव्हेंबरमधले तीस तास

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, कॉलेजात शिकवण्याखेरीज तू काय करायचीस? अभ्यासक्रम तयार करायची. निवृत्तीआधी मी अभ्यासक्रम समितीची अध्यक्ष होते. पदवीधर नुसता पास झालेला नसावा, त्याला माणसांत मिसळता यावं, दुसऱ्याची अडचण कळावी, अशी गुणांची यादी आम्ही केली आणि प्रत्येक गुणापुढच्या रकान्यात एकेक विषय लिहिला. ‘समाजाशी बांधिलकी’पुढे मी खेड्यात जाऊन लोकांसाठी करायचं तीस तासांचं काम घातलं. नोव्हेंबर महिना मीच निवडला. पाऊस संपलेला, परीक्षा लांब. हजेरी नाही तर पदवी नाही, हा नियमही माझ्याच अक्षरात आहे.

आदिलाबादेत जन्म काढून नोव्हेंबरात कापूस वेचतात हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. कागद पुढे घेतल्यावर आठवलं नाही.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी तलमडुगूकडच्या खेड्यातली होती. तिला बी.एड.ची जागा मिळाली होती, पण पदवी या हजेरीवर अडली.

“महिनाभर कुठे होतीस?” मी विचारलं.

“गावातच तं होती, मॅडम. आई बिमार, कापूस फुटून राह्यला होता. शेजारची म्हातारी एकटी, तिचाबी वेचून देल्ला.” माझ्यापुढच्या यादीवर बोट ठेवून ती म्हणाली, “हे कोनत्या रकान्यात येते?”

प्राचार्य म्हणाले, “नियम तुमचा आहे, मॅडम. तुम्हीच सांगा.”

एकीला सवलत दिली तर सगळेच मागतील, असं वाटून मी ‘अपूर्ण’ लिहिलं. तिची जागा गेली.

पुढच्या बैठकीत मी नियम बदलला. घरचं, शेजारचं कामही धरायचं आणि महिना विद्यार्थ्यानं ठरवायचा. मागच्या निकालाला तो लागू झाला नाही.

दुसऱ्या वर्षी वेचणी आटोपल्यावर तिनं तीस तास पुरे केले. गावच्या बायकांना तेलुगूतले सरकारी अर्ज वाचून, भरून द्यायची. शेवटच्या दिवशी सही करायला मी स्वतः गेले.

“ह्या आमच्या मॅडम,” तिनं बायकांना सांगितलं. “हा विषय ह्यायनंच काढला.”

शेजारची ती म्हातारी पुढे झाली. “काऊन वो बाई, वरीसभर पोरीले घरी बसवलं. आता शिकली का ते मानसाच्या कामी पडाचं?”

बायका हसल्या.

“अवो आजी, चूप ना!” मुलगी घाईनं म्हणाली.

मी रजिस्टर उघडून सही केली.