लाल दोऱ्याच्या शेंगा

भुईमुगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. तेलबियांचे नवे वाण तयार करणं ही माझी बेळगावातली नोकरी, आणि सांबऱ्याला आमच्या शेतातला एक तुकडा माझ्या हट्टाचा. आमच्या गावठी शेंगांचं तेल चवीला झकास, पण लवकर खवट होतं. ज्याचं तेल टिकतं अशा दुसऱ्या वाणाशी त्यांचा संकर करून मला चव आणि टिकाऊपणा एकाच दाण्यात हवा होता.

संध्याकाळी चिमट्यानं कळी उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हात हलला की कळी गेली. माझा हलत नाही. पुढे कित्येक हंगाम निवडत निवडत काही झाडं मनासारखी उतरली. त्यांना मी लाल दोरे बांधले. काढणीनंतर त्यांच्या तेलाची परीक्षा व्हायची होती.

काढणीला मी पोचले तेव्हा दोऱ्यांच्या जागी नुसती उकरलेली माती. शेत सांभाळणारी माझी थोरली बहीण, आक्का, खुशीत होती. सदलग्याहून तिची नणंद आलती. काढणीला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आमची रीत.

"तूच दोरा बांधून चांगली झाडं काढून ठेवलतीस न्हवं? चांगलं ते पावण्याला द्याचं गं."

मला रडूच फुटलं. आक्कानं घाबरून फोन लावला. नणंदेनं सगळ्या शेंगा भाजून चटणी कुटलीसुद्धा होती.

मागच्या पिढीचं थोडं बी माझ्या कपाटात होतं, त्यामुळे वाण बुडाला नाही. पण हंगाम गेला, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. आक्काशी मी कितीतरी दिवस बोलले नाही.

ऐन उन्हाळ्यात नणंद जत्रेला आली. येताना तळाशी उरलेल्या चटणीचा डबा घेऊन आली.

"कसल्या शेंगा गं ह्या? एवढ्या उन्हात पण वास न्हाय."

मी चटणी हुंगली, जिभेवर ठेवली. खवटपणाचा लवलेश नाही, आणि चव अस्सल आमची. प्रयोगशाळेतली तपासणी पुढे व्हायचीच होती, पण मी त्याच क्षणी निर्धास्त झाले. आक्काला मिठीच मारली.

यंदा दोरे बांधायला आक्का बरोबर होती. ओळ संपल्यावर तिनं एका झाडाला हिरवा दोरा बांधला.

"हे सदलग्याचं."

झाड ओळीतलं सगळ्यात चांगलं होतं. मी दोरा सोडला नाही.