मेंढरं गेली त्या सकाळचे फोटो

माझी वहिनी बारामतीची. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळं लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर एक वापरलेला कॅमेराही तिच्यासोबत अंथुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर आला. आईला त्याचं काही वाटलं नाही. मी तेव्हा कॉलेजला होते. मला मात्र ती गळ्यात कॅमेरा अडकवून विहिरीकडं निघाली की बघतच राहावं वाटायचं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पण नव्वदनंतर रानात पाइपलाइन आली, ऊस उभा राहिला, भाऊ कारखान्यात लागला. वडिलांचे, आबांचे, गुडघे धरायला लागले आणि मेंढरांमागं जाणारं कुणी उरलं नाही. एकदा जेवताना आबा म्हणाले, "बावड्याचा यापारी उद्या टेम्पो घिऊन येतोय." वहिनीनं हळूच विचारलं, "मामंजी, फोटो काढू का?"

"माजा नगं. मेंढरांचा काढ."

सकाळी ती मेंढरं कोंडायच्या, बाभळीच्या काट्यांच्या वाडग्यासमोर, उगवतीकडं तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, उन्हाकडं तोंड करून फोटो काळा येतो."

"येऊ दे. तुम्ही कडा बघा, वन्सं."

वाडग्याच्या तोंडाचा झापा उघडला. मेंढरं बाहेर पडली, धुरळा उठला, आणि मागून आलेल्या कोवळ्या उन्हानं प्रत्येकीच्या लोकरीची कड पेटल्यागत दिसायला लागली. इतकी वर्षं रोज बघितलेली मेंढरं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. म्होरक्या मेंढीला टेम्पोत चढवताना आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वहिनीनं फक्त तो हात टिपला. पुढं आबांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, तेव्हा मात्र तिनं कॅमेरा वर उचललाच नाही. दुपारी डोक्यावर ऊन आल्यावर रिकाम्या वाडग्यात जाऊन तिनं एक फोटो घेतला: नुसती खुरांनी तुडवलेली माती आणि काट्यांवर टाकलेलं आबांचं घोंगडं.

त्यानंतर आबा घरात बोलेनासे झाले. जेवायचे, उसाला पाणी द्यायचे, उंबऱ्याशी बसायचे.

बारामतीहून फोटो धुऊन आले तेव्हा मी ते जसे घडले तसे सतरंजीवर मांडले. शेवटी आलं रिकामं वाडगं. वहिनीनं बघितलं आणि ते उचलून सगळ्यांच्या आधी ठेवलं. मग धुरळा, मग कळप, आणि शेवटी तो हात.

"असं उलटं का?" मी विचारलं.

"वाडगं शेवटी आलं की सगळं संपलं असं वाटतं. आधी आलं की माणूस म्हणतो, इथं कोण होतं? मग मेंढरं दिसतात. जाताना डोळ्यात हात राहतो."

तिनं आबांना बोलावलं. ते फोटोंसमोर मांडी घालून बसले आणि एकेका फोटोवर बोट ठेवत पुढं सरकले. आई खांद्यावरनं डोकावत म्हणाली, "ह्यात तुमचं त्वांड कुटं हाय?"

"त्वांड कशाला पायजे?" आबा म्हणाले. "हात माजाच हाय न्हवं."

मग ते कळपाच्या फोटोकडं परत आले. "ही बघ, कानाला चीर असल्याली. कोकणातनं माघारी येताना घाटात व्याली हुती. पिलू मी घोंगड्यात घिऊन चाललो. आन ही दुसरी, लई वांड..." किती तरी वेळ ते बोलत होते. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. वहिनी ऐकत होती, आणि मी तिच्याकडं बघत होते. वर्षभरापूर्वी घरात आलेल्या या मुलीला माझा बाप माझ्यापेक्षा नीट दिसला होता.

उठताना आबांनी सुनेला विचारलं, "आपल्या उसाला तुरं आल्यात. त्येचाबी काढशील?"

"रोल संपलाय, मामंजी."

"मग आण की दुसरा," ते म्हणाले, आणि पायात वहाणा सरकवून रानाकडं निघाले.