तंबूखालचा खडा

मी जंगल खात्यात कारकून होतो. दौऱ्यावर तंबू ठोकायला आमच्यासोबत एक खलाशी असे. तंबू साहेबांचा असो की माझा, आधी तो त्या जागेवर स्वतः उताणा झोपून पाही. पाठीला खडा टोचला की उकरून काढी आणि पुन्हा झोपे. मी घाई केली तर म्हणे, "थांबा ना बाबूजी, पाहून राह्यलो."

त्या हिवाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात, डोंगराखाली गरम पाण्याच्या झऱ्याजवळ मुक्काम पडला. इंग्रज गेले होते, साहेब आपलाच होता. कुत्री तेवढी विलायती. ती तंबूत गालिच्यावर झोपे. झऱ्याच्या पाण्यानं तिला आंघोळ खलाशीच घाली. याचा गावठी कुत्रा याच्या पायाशी असायचा. साहेबांच्या कुत्रीला खरूज लागेल म्हणून मी तो पलीकडे, नदीच्या वाळूच्या ढिगांत बांधायला सांगितला.

"तिथी बिबट येते, बाबूजी."

"साहेबांचा हुकूम आहे," मी म्हणालो. साहेब काहीच बोलले नव्हते.

सकाळी खुंटीला तुटका दोर होता आणि वाळूत फरपटत नेल्याची खूण. त्यानं दोर सोडवून गुंडाळून ठेवला आणि कुत्रीच्या आंघोळीचं पाणी आणायला गेला.

पुढच्या मुक्कामी त्यानं साहेबांच्या जागेवर झोपून पाहिलं, कुत्रीच्या जागेवरही. माझा तंबू मात्र सरळ ठोकला. रात्रभर पाठीत खडा टोचत राहिला.

सकाळी त्यानं विचारलं, "लागली ना झोप, बाबूजी?"

मी म्हणालो, लागली.