काजाचे पैसे

माझं झेरॉक्सचं दुकान आणि मास्तरांचं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही निम्मी पत्र्याची. त्यांनी मशीन चालवलं की माझ्या टेबलावरच्या टाचण्या थरथरतात. सतरा वर्षांत नुसत्या टाचण्यांकडे बघून मला सांगता यायला लागलं, की मास्तर आज कोटाला बसलेत की सदऱ्याला. मी झेरॉक्स काढतो, लोकांचे अर्ज लिहून देतो, फॉर्म भरून देतो आणि वर सल्ला फुकट देतो. अर्जाचे पैसे घेतो म्हणून अर्ज विचार करून लिहितो. सल्ल्याचं तसं नाही.

मास्तर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. दिलेल्या तारखेला कपडा देणारा शिंपी कुणी पाहिलाय का? आम्ही पाहिला. एकदा आजारपणात एक पॅन्ट दोन दिवस लांबली, तर हे अंगात ताप घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी माफी मागायला गेले.

दुकानात मागच्या बाजूला, दिव्याखालच्या स्टुलावर त्यांची थोरली बहीण बसायची. तिला सगळा रस्ता ताई म्हणतो, मीही. ताईंचं काम एकच, काज करायचं. मशीनवर काज पाडून देणारे पुढच्या गल्लीत दोघं आहेत, पण मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाइकांना ते चालत नसे. ताईंचं काज इतकं घट्ट, की सदरा विरायचा आणि काज शिल्लक राहायचं. अंगुस्तान त्यांनी कधी वापरलं नाही. "ते घातलं की बोटाला काही कळत नाही," म्हणायच्या. चाळीस वर्षं सुया टोचून आणि दोरा ओढून अंगठ्यांचं नि बोटांचं कातडं गुळगुळीत झालं होतं.

दर काजामागे मास्तर त्यांना पैसे मोजून देत. सख्ख्या बहिणीला! मी एकदा हसलो, तर ताई म्हणाल्या, "जेवायला घालतो तो भाऊ म्हणून. काजाचे देतो तो मास्तर म्हणून. दोन्हीची गल्लत करू नये." ते पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. वर बटणं, खाली नोटा.

मग ताई दोरा ओवायला मास्तरांना हाका मारायला लागल्या. दिवसातून दोनदा, मग दहादा. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यातला उजवा फार पिकलाय, आत दाब वाढायला लागलाय. ऑपरेशन लवकर करा, तो डोळा एकदा गेला की परत यायचा नाही. दोन्ही डोळ्यांचे मिळून साठ हजार. सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. डबा उपडा केला तर बावन्न हजार निघाले. मास्तरांनी इकडून तिकडून दहा हजार घातले.

आणि इथे मी तोंड उघडलं. "दवाखान्यात रोख घेत नाहीत, मास्तर. बँकेतूनच भरावे लागतात. आणि एवढी रक्कम काय पत्र्याच्या डब्यात ठेवताय? उद्या कुणी शटर उचकटलं म्हणजे?"

"माझं खातं नाही कुठं," मास्तर म्हणाले. "मशीनसाठी कर्ज काढलं होतं एकदा, त्याला बावीस वर्षं झाली. ते मिटल्यावर बँकेचं तोंड पाहिलं नाही."

मीच त्या दोघांना चौकातल्या बँकेत घेऊन गेलो. काचेचं दार, गार हवा, टोकन देणारं यंत्र. ताई चप्पल बाहेर काढायला लागल्या, तर रखवालदारानं थांबवलं. खातं त्यांच्याच नावावर उघडायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं एक लहानसं यंत्र पुढे सरकवलं. "आजी, अंगठा ठेवा."

ताईंनी ठेवला. लाल दिवा लागला. पुसून ठेवला, पुन्हा लाल. मुलीनं त्यांना साबणानं हात धुऊन यायला सांगितलं. दुसरा अंगठा झाला, मग आठही बोटं झाली. "यांचे ठसेच उमटत नाहीत हो," मुलगी म्हणाली. "ओळख पटल्याशिवाय खातं नाही निघणार. सरकारी कचेरीतून दाखला आणा. लागतील दोन-तीन महिने."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? तुमच्या नावावर उघडा."

"माझे आहेत तर माझ्या नावावर नकोत का?" ताई म्हणाल्या.

"सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, ताई. भावाचं काय नि बहिणीचं काय, घर एकच."

मास्तरांचा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा झाला. यंत्रानं त्यांना ओळखलं. फार नीट ओळखलं.

ऑपरेशनला नऊ दिवस उरले असताना मास्तर मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "हे काय लिहिलंय रे? चष्म्यानंही लागत नाही." मी वाचलं. थकीत कर्जापोटी आपल्या बचत खात्यातून एकसष्ट हजार सातशे अठ्ठ्याऐंशी वळते करण्यात आले आहेत. शिल्लक दोनशे बारा. मी दुसऱ्यांदा वाचलं, मग तिसऱ्यांदा, जणू वाचून आकडा वाढणार होता. खाली आणखी एक ओळ होती. किमान शिलकेपेक्षा कमी रक्कम असल्यास दंड आकारला जाईल.

मास्तरांनी मोबाइल खिशात टाकला. दुकानात जाऊन त्यांनी माळ्यावरून एक ट्रंक काढली आणि मापाच्या जुन्या वह्या उपसल्या. तासाभरानं एक वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. "हे बघ. मिटलंय."

तेव्हा मला सगळं कळलं. त्या कर्जाचे छत्तीस हप्ते होते. एकतीस मास्तरांनी भरले, पावत्या होत्या. मग बँकेच्या मॅनेजरच्या मुलीचं लग्न निघालं. तीन कोट, सात सदरे, जावयाचा सूट. मॅनेजर म्हणाला, "मास्तर, शिलाई काय होते? साडेचार हजार? आणि तुझे राहिलेले हप्तेही तेवढेच. तू कपडे शिव, हप्ते मी भरून टाकतो." मास्तरांनी पावतीचं विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही होय?" आता ज्या माणसाच्या छातीला टेप लावली, ज्याच्या पोटाचा घेर मुकाट्यानं लिहून घेतला, त्याच्याकडे पावती कसली मागायची? मास्तरांनी त्याच्या मापाखाली लिहून ठेवलं, 'शिलाई = पाच हप्ते. मिटलं.' मॅनेजरची पुढे बदली झाली. रस्ता रुंद करताना मास्तरांचं जुनं दुकान पाडलं, नोटिसा आल्या असतील त्या त्या पत्त्यावर गेल्या. ती बँक दुसऱ्या मोठ्या बँकेनं गिळली, पाटी बदलली, रंग बदलला. आणि मी, सगळ्या रस्त्याला अक्कल शिकवणारा, बरोबर त्याच बँकेत ताईंचे पैसे नेऊन ठेवले.

बँकेतला साहेब तिशीचा होता, बोलायला गोड. वही उलटीसुलटी करून म्हणाला, "हे काय आहे?"

"मापाची वही."

"यावर त्यांची सही नाही."

"छाती बेचाळीस, पोट त्रेचाळीस, डावा खांदा पाव इंच खाली," मास्तर म्हणाले. "हे माप दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. सही कुणी खोटी मारील. माप कसं मारणार?"

साहेब हसला नाही. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यानं बावीस वर्षांपूर्वीचा कागद दाखवला, खाली मास्तरांची सही होती. कर्ज थकलं तर कर्जदाराच्या कुठल्याही खात्यातून वसूल करू, असं त्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं. साडेचार हजारांवर व्याज, व्याजावर व्याज, दंड, नोटिशीचा खर्च.

मी म्हणालो, "पण पैसे यांचे नाहीतच. यांच्या बहिणीचे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही म्हणून—"

"ते यंत्र आमचं नाही, कंपनीचं आहे."

"आणि तो मॅनेजर?"

"ते जुन्या बँकेचे. त्यांचा आमचा काही संबंध नाही."

"म्हणजे जुन्या बँकेचं घेणं तेवढं तुमच्याकडे वारशानं आलं, पापं नाही आली?"

त्यानं मला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. मी आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज लिहिला. चार पानी, एकही खाडाखोड नाही. उत्तर तीन ओळींचं आलं.

जुना मॅनेजर मात्र सापडला. तिसऱ्या मजल्यावर, झाडांच्या कुंड्या लावलेल्या घरात, मजेत. "अरे, मास्तर! या, या!" त्यानं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. कपडे शिवल्याचं कबूल केलं. "झकास शिवलं होतंस. जावई अजून नाव काढतो. हप्त्यांचं म्हणशील तर भरलेच असतील मी. आता कुठं आठवतंय?"

"तेवढं लिहून द्या, साहेब," मास्तर म्हणाले. "शिलाईत हप्ते धरले होते, एवढंच."

"लेखी?" त्याचा चेहरा लगेच पडला. "लेखी कसं देऊ? माझी पेन्शन आहे बाबा." मग उठून आत गेला आणि तोच कोट घेऊन आला, लग्नातला. "बरा आलास. हा आता पोटावर लागत नाही. सैल होईल का बघ ना."

मला वाटलं, मास्तर कोट त्याच्या तोंडावर फेकतील. मास्तरांनी कोट उलटा केला, शिवणीत बोट घालून आतलं जादा कापड बघितलं. "दोन बोटं माया सोडलीय. होईल." आणि घडी घालून काखेत मारला.

जिन्यात माझं डोकं फिरलं. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही, मास्तर? त्या हरामखोराचं काम घेताय?"

"कोट मी शिवलाय," मास्तर म्हणाले. "तो नुसता घालतो." चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, "यावेळी शिलाई आधी घेईन." आणि घेतलीही. तीनशे.

ऑपरेशनला दोन दिवस राहिले तेव्हा बँकेचा आणखी एक संदेश आला. अभिनंदन. आपलं कर्ज पूर्ण फिटलं असून आपण आता नव्या कर्जास पात्र आहात. मी मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मास्तर शांतपणे म्हणाले, "देतात का विचारून तर बघू." ते एकटेच गेले आणि तासाभरात फॉर्म घेऊन परत आले. साठ हजार द्यायला बँक तयार होती, लगेच, एका दिवसात. फक्त जामीन हवा होता.

त्यांनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. जामीनदाराच्या रकान्यावर पेन्सिलीनं फुली मारलेली होती. "भरून देतोस का? आणि इथं तुझी सही."

माझी सही. मी फॉर्म वाचला. बारीक अक्षरांतलंही वाचलं. जामीनदाराच्या कुठल्याही खात्यातून. माझ्या खात्यात माझ्या थोरल्या मुलीच्या कॉलेजचे पैसे होते. मास्तर बुडवणार नाहीत हे मला माहीत होतं, माझ्या नावाइतकं माहीत होतं. आठवडाभर शिव्या देत फिरलेला मी, सल्ले देणारा मी, म्हणालो, "बायकोला विचारून सांगतो. उद्या."

बायकोला मी विचारलंच नाही. 

दुसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. पत्र्यापलीकडून मास्तरांचा आवाज आला, "आलास का रे?" मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "राहू दे. त्याला पोरीबाळी आहेत. कशाला अडचणीत टाकतोस?" त्या हळूच बोलल्या, पण पत्र्याला कान असतात. मी झेरॉक्सचं मशीन चालू केलं आणि कोरे कागद छापत बसलो.

दुसरा जामीन शोधून पैसे मिळेपर्यंत पाच महिने गेले. डावा डोळा वाचला, पण त्यालाही पूर्वीचं तेज नाही. उजवा गेला.

नंतर मी मास्तरांकडे एक सदरा शिवायला टाकला. गरज नव्हती. त्यांनी नेहमीसारखं माप घेतलं, नेहमीसारखी तारीख दिली, तारखेला सदरा दिला. काजं ताईंनीच केली होती. एकेक काज घट्ट, दोरा जागचा हलणार नाही असं. पण मास्तरांनी मारलेली खडूची खूण ताईंना आता दिसत नाही. त्या अंगठ्यानं चाचपून अंतर धरतात. सगळ्यात वरचं काज एक बोट खाली उतरलंय.

"चुकलंय का रे कुठं?" ताईंनी आतून विचारलं.

"नाही, ताई. एकदम बरोबर."

वरचं बटण लावलं की कापड गळ्याशी ओढतं. मी ते लावूनच दुकानात बसतो.